जमिनीच्या पोटातली ठेव



मागच्या वर्षी फाल्गुनात आमच्या गटानं बटाटे पुरले. पुरले म्हणजे खरोखरच पुरले, जमिनीत खड्डा करून. आम्ही अकराजणी. अर्धा एकर रान खंडानं घेतलं होतं, त्यात रब्बीचा बटाटा लावला. पीक बरं आलं. पण काढणी झाली तेव्हा बाजारात जिकडेतिकडे बटाटाच बटाटा, भाव पडलेला. व्यापारी बांधावर येऊन जो आकडा सांगत होता त्यात आमचं बेणं आणि खतसुद्धा निघत नव्हतं. आमच्यातली एक सांगलीकडची माहेरवाशीण. ती म्हणाली, "आमच्याकडं हळद पेवात वर्षानुवर्षं राहती, काय होत नाही तिला. आपण बटाटा ठेवू की तसाच." सगळ्यांना पटलं. परड्यात सहा फूट खोल खड्डा घेतला, आतून शेणानं सारवला, उसाचं पाचट लावलं, बारा क्विंटल बटाटा आत ओतला, तोंड फळ्यांनी झाकलं आणि वरून चिखलानं लिंपून टाकलं.

अक्षय तृतीयेच्या आधी दोन दिवस खड्डा उघडला. वास असा आला की शेजारची माणसं घराबाहेर आली. वरचा थर पाणी सुटून लगदा झालेला. मधले काही बाहेरून चांगले दिसत होते, पण कापले तर आत काळंभोर. बारा क्विंटलमधला जेमतेम दीड क्विंटल खाण्याजोगा निघाला. बाकी उकिरड्यावर. बचतीतून काढलेले पैसे तर गेलेच, वर घरोघरी जे ऐकून घ्यावं लागलं ते इथे रेडिओवर सांगत नाही, तुम्ही ओळखाल.

जिनं पेवाचं सुचवलं ती आठ दिवस बैठकीला आली नाही. आम्ही तिला घरी जाऊन घेऊन आलो. कारण तिचं काय चुकलं हे आमच्यातल्या एकीलाही सांगता येत नव्हतं. हळद जमिनीत टिकते, मग बटाटा का नाही? दोन्ही मातीतूनच आलेले कंद ना? हा प्रश्न घेऊन आम्ही गावातल्या म्हाताऱ्यांना विचारलं, कृषी सहायकांना विचारलं, वाचनालयातून पुस्तकं आणून वाचून घेतली. त्यातून जे हाती आलं ते आज सांगायचं आहे. गोष्ट आमच्या परड्यातून निघून फार लांब जाते, जरा धीरानं ऐका.

आधी पेवाचं. "पेव फुटलं" असं आपण सहज म्हणतो. गल्लोगल्ली दुकानं निघाली की दुकानांचं पेव फुटलं. पण पेव फुटताना पाहिलेली माणसं आता थोडी राहिली. पेव म्हणजे जमिनीखालचं कोठार. सोलापूर, पंढरपूर, मंगळवेढ्याच्या बाजूला ज्वारी पेवात ठेवत. घरातल्या भिंतीत किंवा जमिनीत केलेलं बळद वेगळं, बांबूची शेणानं सारवलेली कणगी वेगळी. पेव मोठं, घराबाहेरचं, बहुतेक गावाच्या उंच भागात. ते उघडलं की इतकं धान्य बाहेर येई की बघणाऱ्याचे डोळे फिरावेत, म्हणून ते "फुटलं".

हळदीच्या पेवांसाठी नाव आहे ते सांगलीचं. कृष्णा आणि वारणा जिथे मिळतात त्या संगमावरचं हरिपूर आणि सांगलीच्या पलीकडची सांगलवाडी, इथली माती अशी चिवट की खोल खणलं तरी भिंत ढासळत नाही आणि ओल आत झिरपत नाही. तिथे वीस-पंचवीस फूट खोल पेवं खणली गेली. आकार रांजणासारखा, तोंड अरुंद, जेमतेम एक माणूस उतरेल एवढं, आणि पोट मोठं. भिंतींना शेणाचा लेप, त्यावर पाचट आणि चटया, मग हळद, आणि तोंडावर पुन्हा पाचट नि माती. एका पेवात शेकडो पोती मावत. हळद दोन-तीन वर्षं राहिली तरी तिचा रंग उतरत नाही आणि तिला भुंगा लागत नाही. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा या पेवांचाही उल्लेख झाला.

पेव उघडण्याची रीत आम्हाला फार महत्त्वाची वाटली, कारण आमच्या प्रश्नाचं उत्तर तिच्यातच होतं. पेवाचं तोंड उघडल्यावर कोणी लगेच आत उतरत नाही. काही तास ते तसंच मोकळं ठेवतात. मग दोरीला कंदील बांधून आत सोडतात. कंदील जळत राहिला तर माणूस उतरणार, विझला तर थांबायचं. आतली हवा संपलेली असते, तिथे ज्योत जगत नाही, माणूसही नाही. आणि म्हणूनच किडाही जगत नाही. हळद टिकते ती त्या मेलेल्या हवेमुळे.

इथे आमच्यातल्या एकीनं विचारलं, "मग हळद कशी जगती?" अगदी बरोबर प्रश्न. पेवातली हळद जिवंत नसतेच. ती काहिलीत शिजवलेली, उन्हात वाळवलेली, घोळून पॉलिश केलेली असते. हळकुंड वाजवलं तर खडखडतं, त्यात पाणी उरलेलं नसतं. त्या हळदीला श्वास घ्यायचा नसतो. आम्ही पुरलेला बटाटा मात्र जिवंत होता. काढलेला बटाटा श्वास घेतो, ऊब सोडतो, पाणी सोडतो. हातभर ढिगात हात घाला, ऊब लागते की नाही? आम्ही बारा क्विंटल जिवंत जीव एका खड्ड्यात कोंडले, तेही चैत्राच्या उन्हाळ्यात. त्यांनी आतली हवा संपवली, आपल्याच उबेत उकडले आणि आतून काळे पडले. बटाट्याचं पोट काळं पडतं ते बहुतेक वेळा उष्म्यात हवा न मिळाल्यानं, हे आम्हाला नंतर कळलं.

सांगलीच्याच शेतकरी बायका हे जाणून होत्या, फक्त आमच्या मैत्रिणीनं माहेरी असताना लक्ष दिलं नव्हतं. कारण हळदीचं बेणं कोणी पेवात टाकत नाही. पुढच्या लागणीला ठेवायचे जेठे गड्डे झाडाच्या सावलीत ढीग करून ठेवतात, वर हळदीचाच पाला घालतात, अधूनमधून उघडून बघतात आणि अक्षय तृतीयेच्या सुमारास लावायला काढतात. विकायची हळद मेलेली, ती कोंडायची. बेण्याची हळद जिवंत, ती सावलीत पण मोकळी ठेवायची. एकाच घरात एकाच पिकाच्या दोन रीती होत्या, आणि आम्ही नेमकी उलटी उचलली.

पेवांबद्दल आणखी एक सांगायचं. शेकडो पोती मावतील असं पेव एकट्या लहान शेतकऱ्याच्या मालानं भरत नाही. ज्याच्याकडे पेव भरण्याइतका माल आणि थांबण्याइतका पैसा, त्यानं भाव चढेपर्यंत थांबायचं. ज्याच्या घरी पोरीचं लग्न किंवा सोसायटीचं कर्ज, त्यानं काढणीलाच विकायचं. साठवण ही नुसती कंद न कुजू देण्याची विद्या नाही. थांबायची ऐपत कोणाची, हाही तिच्यातलाच प्रश्न आहे. २००५ च्या महापुरात कृष्णेचं पाणी पेवांत शिरलं आणि कितीतरी हळद गेली. नंतर पेवं मागे पडली, गोदामं आणि शीतगृहं आली. २०१९ ला पुन्हा पूर आला. आता हरिपुरात पेवं उरली ती थोडी.

आता बटाट्याकडे. हा पाहुणा आहे आपला, आणि नावही उसनं. बटाटा हा शब्द पोर्तुगिजांबरोबर आला, आणि गंमत अशी की मुळात तो शब्द रताळ्याचा. अमेरिकेच्या बेटांवरचे लोक रताळ्याला बटाटा म्हणत, पोर्तुगिजांनी तो शब्द इकडे आणला आणि आपण तो दुसऱ्याच कंदाला लावला. एकादशीला दोन्ही चालतात, तेव्हा देवाचीही हरकत दिसत नाही.

बटाट्याचं खरं माहेर म्हणजे दक्षिण अमेरिकेतले अँडीज डोंगर, आजचे पेरू आणि बोलिव्हिया. तिथे टिटिकाका नावाचं मोठं सरोवर आहे, समुद्रापासून साडेबारा हजार फूट उंचीवर. आपलं कळसूबाई शिखर सुमारे पाच हजार चारशे फुटांचं, त्याच्या दुपटीहून उंच. अशा ठिकाणी झाडं फारशी वाढत नाहीत, गहू-मका धड पिकत नाही, पिकतो तो बटाटा. आणि तोही कधी गारपिटीनं, कधी थंडीच्या कडाक्यानं जातो. तिथल्या लोकांना वर्षाची नव्हे, दोन-तीन वर्षांची बेगमी करणं भाग होतं. त्यांनी जे काढलं त्याला आम्ही मनातून हात जोडले.

त्यांच्याकडे जून-जुलै म्हणजे कडक हिवाळा. रात्री पाणी गोठतं आणि दिवसा लख्ख ऊन पडतं. काढलेले बटाटे मोकळ्या माळावर एकेरी पसरतात. रात्री ते गोठून दगड होतात, दिवसा उन्हानं सुटतात. असं काही दिवस झालं की बटाटा स्पंजासारखा मऊ होतो. मग बायका-पुरुष अनवाणी पायांनी ते ढीग तुडवतात, पाणी निघतं, साल सुटते. पुन्हा उन्हात वाळवायचे. शेवटी हाती राहतं ते हलकं, काळं, खडखडीत फळ. त्याला चुन्यो म्हणतात. दुसरी रीत पांढऱ्या चुन्योची, त्यात गोठलेले बटाटे वाहत्या पाण्यात काही आठवडे ठेवतात आणि मग वाळवतात. डोंगरावरच्या काही जाती इतक्या कडू असतात की नुसत्या उकडून खाल्ल्या तर पोट बिघडतं. या गोठवण्या-धुण्यात तो कडूपणा निघून जातो. आपण सुरणाला चिंच किंवा कोकम लावून खाज मारतो, त्यातलाच प्रकार, फक्त जास्त मेहनतीचा. चुन्यो कित्येक वर्षं टिकतो. रात्री पाण्यात भिजत घातला की दुसऱ्या दिवशी कालवणात जातो.

म्हणजे त्यांनीही आपल्या हळदीसारखंच केलं. आधी कंदाचा जीव घेतला, त्याचं पाणी काढलं, मग साठवला.

पण सगळाच बटाटा ते असा मारत नसत. तिथे इंका नावाच्या राजांचं मोठं राज्य होतं, स्पॅनिश लोक येण्याआधी. डोंगरउतारावर, वारा लागेल अशा जागी त्यांनी दगडी कोठारांच्या रांगा बांधल्या. हुआनुको पाम्पा नावाच्या एकाच ठिकाणी अशी पाचशेच्या आसपास कोठारं सापडली. तिथे खोदकाम करणाऱ्यांच्या ध्यानात आलं की गोल कोठारांत मका होता आणि चौकोनी कोठारांत कंद. कंद गवताच्या थरांत गुंडाळून रचलेले, आणि हवा खेळावी अशी रचना. धान्याचं घर वेगळं आणि कंदाचं वेगळं, हे पाचशे वर्षांपूर्वी त्या लोकांना माहीत होतं. आम्हाला मागच्या फाल्गुनात माहीत नव्हतं.

पुढे स्पॅनिशांनी राज्य बुडवलं. १५४५ मध्ये पोतोसीच्या डोंगरात चांदी सापडली आणि तिथे खाणीत उतरवलेल्या मजुरांचं पोट याच चुन्योवर चाललं. त्या काळच्या एका स्पॅनिश लेखकानं लिहून ठेवलं आहे की नुसता चुन्यो पोतोसीला नेऊन विकणारे कितीतरी स्पॅनिश लोक श्रीमंत होऊन मायदेशी परतले. तुडवणाऱ्यांचे पाय रात्रीच्या बर्फावर आणि पैसा दुसऱ्याच्या पेटीत. हे वाचताना आमच्यात कोणी काही बोललं नाही. बांधावर उभा राहून आकडा सांगणारा व्यापारी सगळ्यांना आठवला असणार.

आता सगळ्यात जड भाग. हा सांगावा की नाही यावर आमची बैठकीत चर्चा झाली. एक म्हणाली, बायका दुपारी जेवताना ऐकतात, नको. पण जे घडलं ते सांगायलाच हवं असं ठरलं.

बटाटा युरोपात गेला आणि तिथून आयर्लंडात. आयर्लंड म्हणजे इंग्लंडशेजारचं बेट, तेव्हा इंग्रजांच्याच ताब्यात. जमीन बहुतेक जमीनदारांची, आणि गरीब कुळाकडे एखादा तुकडा. त्या तुकड्यात घर जगेल असं पीक एकच होतं, बटाटा. १८४० च्या सुमारास देशातली साधारण एक तृतीयांश माणसं जवळजवळ निव्वळ बटाट्यावर जगत होती. गरिबांच्या रानात एकच जात जास्त होती, लम्पर नावाची. उत्पन्न भरपूर, चव बेताची, टिकाऊपणाही बेताचा.

तिथे बटाटा निघे आपल्या दिवाळीच्या आगेमागे. तो घराजवळ उथळ खड्ड्यात रचत, वर वाळलेलं गवत, त्यावर मातीचा थर. हवा थंड, त्यामुळे तो मे महिन्यापर्यंत राहत असे. मग कोंब येत, सुरकुत्या पडत. जुना बटाटा संपायचा आणि नवा यायला ऑगस्ट-सप्टेंबर उजाडायचा. मधले जे दोन महिने, ते उपासमारीचे. आपल्याकडे आषाढ-श्रावणात कणगी तळाला लागते ना, तसे. त्या दिवसांत पुरुष इंग्लंडात कापणीच्या मजुरीला जात, आणि बायका पोरांना घेऊन घराला कडी लावून परगावी भीक मागायला निघत. आपल्या गावात मागायची लाज वाटे, म्हणून परगावी. दुष्काळ पडायच्या आधीची, चांगल्या वर्षांची ही रीत होती.

१८४५ च्या सप्टेंबरात आयर्लंडात करपा दिसला. तोच करपा, जो आजही ढगाळ हवेत दोन रात्रींत बटाट्याचं रान काळं करतो. पण गोष्ट नुसत्या शेतात संपली नाही. पुष्कळांचे बटाटे काढताना चांगले दिसले. लोकांनी देवाचे आभार मानले आणि खड्डे भरले. काही आठवड्यांनी खड्डे उघडले तर आत काळा, घाण मारणारा लगदा. रोग कंदाबरोबर खड्ड्यात गेला होता.

सरकारनं शास्त्रज्ञांची समिती नेमली. त्यांना वाटलं ओलीमुळे कुजतात, म्हणून त्यांनी बटाटे वाळवा, खड्ड्याला हवा ठेवा, चुना वापरा, कुजलेल्याचा स्टार्च काढा अशा सूचना छापून वाटल्या. लोकांनी तसं करून पाहिलं आणि तरी कुजले, कारण तो बुरशीसारख्या जिवाचा रोग होता आणि ते तेव्हा धड कोणाला कळलं नव्हतं. चुकीच्या सल्ल्यानं पदरचं गेलेल्यांच्या रांगेत आम्ही आता उभ्या आहोत, म्हणून त्या बायांचे चेहरे डोळ्यांपुढे आले. सल्ला देणाऱ्याचं नुकसान होत नाही.

१८४६ ला जवळजवळ सगळं पीक गेलं. १८४७ ला करपा कमी होता, पण माणसं सर्वांत जास्त त्या सुमारास मेली. का, तर लावायला बेणंच नव्हतं. आदल्या हिवाळ्यात भुकेनं लोकांनी ते खाऊन टाकलं होतं. त्या काळात आयर्लंडातून धान्य आणि जनावरं बाहेर विकायला जातच होती, ती विकत घ्यायला गरिबाकडे पैसे नव्हते. १८४१ च्या शिरगणतीत त्या बेटावर जवळपास ८२ लाख माणसं होती. १८५१ च्या शिरगणतीत ६५ लाख. सुमारे दहा लाख माणसं भुकेनं आणि तापानं गेली, आणि तितकीच किंवा त्याहून जास्त बोटीत बसून परदेशी गेली.

बेणं खाल्लं, हे वाक्य वाचून दाखवताना आमच्यातल्या सत्तरी ओलांडलेल्या आजींनी हात वर केला. त्यांनी १९७२ पाहिलेला. त्या म्हणाल्या, "आम्ही सुकडी खाल्ली, मिलो खाल्ला, खडी फोडली, पण सासूनं बियाण्याचं मडकं उतरंडीच्या तळाला ठेवलेलं, त्याला हात लावू दिला नाही. पोरं रडायची तरी." थोडं थांबून म्हणाल्या, "तेव्हा मला तिचा राग यायचा."

आयर्लंडातल्या सगळ्याच बायांना अशी निवड करायला मिळाली नसेल, हेही आजींनीच सांगितलं. आमच्याकडे रोजगाराचं काम निघालं होतं, नाहीतर मडकं फुटलंच असतं, असं त्या म्हणाल्या.

आपल्या भागात परत येऊ. महाबळेश्वरला इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकात कैदखाना ठेवला होता. तिथल्या चिनी कैद्यांनी बटाटा आणि इतर विलायती भाजी पिकवली असं जुन्या गॅझेटियरमध्ये आहे. नंतर पुणे जिल्ह्यात खेड, जुन्नर, आंबेगाव या पट्ट्यात बटाटा रुजला. आजही मंचरच्या बाजारात पंजाबातून आलेलं बेणं उतरतं. पूर्वी बेणं इटलीहून येई, बोटीनं. त्याच बेण्याबरोबर १९०६ साली एक पाहुणी आली, बटाट्यावरची पाकोळी. तिच्या अळ्या बटाट्याच्या डोळ्यातून आत शिरतात आणि बोगदे करतात, डोळ्याशी काळी विष्ठा दिसते. तुम्ही पाहिली असेल. शेतात ती थोडं नुकसान करते, पण साठवणीत शिरली की ढीगच्या ढीग संपवते. म्हणजे आमच्या भागातल्या लोकांना दोन शत्रू एकदम मिळाले, फाल्गुन-चैत्राचं ऊन आणि ही पाकोळी. उघडं ठेवावं तर पाकोळी, बंद ठेवावं तर उष्मा.

यातून वाट काढली ती अरणीनं. खेड-आंबेगावकडच्या जुन्या माणसांना अरण माहीत आहे. दाट सावलीचं झाड बघायचं, खाली जमीन थोडी उकरून सपाट करायची, पाणी मारून गार करायची आणि वाळू द्यायची. बटाटा काढल्यावर लगेच ढिगात टाकायचा नाही, सावलीत पसरून साल पक्की होऊ द्यायची. कापलेला, खरचटलेला, अळी लागलेला वेगळा काढायचा. मग ढीग, कमरेपेक्षा उंच नाही. वर पाचट किंवा वाळलेलं गवत जाडसर. पाकोळीसाठी ढिगाखाली आणि ढिगावर कडुनिंबाचा किंवा घाणेरीचा वाळलेला पाला. घाणेरी म्हणजे ती बांधावरची टणटणी, जिला आपण शिव्या देतो. तिच्या वासाला पाकोळी फिरकत नाही, हे शास्त्रज्ञांनीही तपासून सांगितलं आहे. पाचटामुळे ऊन लागत नाही, उजेड लागत नाही, पण हवा जात राहते. उजेड का नको, तर बटाटा हिरवा पडतो, आणि हिरवा बटाटा विषारी. तो भाग जाड कापून टाका, फार हिरवा असेल तर पोरांना देऊच नका.

अरण काही जादू नाही. दोन-अडीच महिने, मृगाच्या सरी येईपर्यंत. त्यापुढे शीतगृहच. पण शीतगृहाला भाडं लागतं, तिथवर न्यायला टेम्पो लागतो, आणि पाच-दहा क्विंटल घेऊन गेलेल्या बाईला आत कोणी फारसं विचारत नाही. आम्ही जाऊन आलो आहोत.

यंदा आम्ही पुन्हा बटाटा केला. घरच्यांची परवानगी कशी मिळवली तो वेगळ्या भाषणाचा विषय. पुन्हा काढणीला भाव पडलेला. या वेळी निम्मा माल तिथेच विकला, कारण खंड द्यायचा होता. राहिलेल्यातला चांगला वेचून नऊ क्विंटल विहिरीजवळच्या चिंचेखाली अरण केली. दर चार दिवसांनी दोघींची पाळी, पाचट बाजूला करून हात घालायचा, ऊब लागली तर ढीग फोडून पसरायचा, वास आला तर तो बटाटा शोधायचा. एकदा पाळी चुकली आणि तेवढ्यात खालच्या कोपऱ्यात कुजायला लागलं. त्यावरून भांडणही झालं. सांगलीची आमची मैत्रीण या वेळी पाळी नसतानाही रोज संध्याकाळी जाऊन हात घालून येत होती.

वटपौर्णिमेच्या आठवड्यात अरण मोडली. नऊ क्विंटलमधला सात क्विंटलला थोडा कमी इतका विकण्याजोगा निघाला. भाव काढणीच्या दीडपट मिळाला. मागच्या वर्षीचं नुकसान त्यातून भरून आलं नाही. पण खात्यात पैसे भरताना बँकेतल्या बाईंनी विचारलं कशाचे, तेव्हा आम्ही सगळ्याजणी एकदमच बोलायला लागलो.

अंड्याएवढे निरोगी बटाटे वेगळे काढून ठेवले आहेत. ते बेण्याला चालतील का, की पंजाबचंच घ्यावं लागेल, यावर अजून एकमत झालेलं नाही. आपल्या उष्ण हवेत घरच्या बेण्यात रोग साठत जातात, असं कृषी सहायक म्हणतात. आजी म्हणतात, दोन वाफे तरी लावून बघा. दोन वाफे लावायचे ठरलं आहे.

कोकणातल्या मैत्रिणींकडे करांदे, कणगर आणि सुरण जमिनीतच ठेवून लागेल तसे काढतात, साताऱ्याकडे आल्याचं बेणं खड्ड्यात ठेवतात, असं ऐकलं आहे. तुमच्याकडे रताळी कशात ठेवता, राखेत की वाळूत? किती दिवस राहतात? केंद्रावर पत्र टाका किंवा गुरुवारच्या कार्यक्रमात फोन करा. ज्यांचं कुजलं त्यांनीही करा.